आधी मोजपट्टी सांगा

नैराश्यावरच्या लेखांत आणि व्याख्यानांत एक गोष्ट अजूनही पुन्हा पुन्हा सांगितली जाते. मेंदूत सेरोटोनिनची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचं जनुक काही माणसांत आखूड असतं, काहींत लांब. आयुष्य सुरळीत चाललंय तोवर दोघांत काही फरक पडत नाही. एकामागून एक आघात झाले, की आखूड जनुकाचा माणूस खचतो आणि लांब जनुकाचा तग धरतो. ऐकायला ही गोष्ट समंजस वाटते. जनुकं की परिस्थिती हा जुना वाद ती मिटवते, रुग्णाला दोष देत नाही, आणि डॉक्टरांनाही समजावून सांगायला सोपी आहे. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून करून घ्यायच्या काही चाचण्यांच्या अहवालांतही तिचे अवशेष सापडतात.

ही गोष्ट पुराव्यावर टिकत नाही. तरी तिच्या बचावाला उभे राहणारे जाणते लोक आहेत आणि त्यांचे युक्तिवाद वरवर पाहता भक्कम आहेत. त्या युक्तिवादांत संख्याशास्त्राच्या ज्या गफलती आहेत, त्या नीट उलगडल्या नाहीत तर या जनुकाची जागा उद्या दुसरं काहीतरी घेईल आणि चूक तीच राहील. म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात मूळ अभ्यासापासून करू. न्यूझीलंडमधल्या डनिडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा संशोधक जन्मापासून करत आले आहेत. अशा अभ्यासाला लागणारी चिकाटी फार थोड्या संस्थांकडे असते, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अवशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी यांतल्या ८४७ तरुणांच्या माहितीवरचा निबंध जुलै २००३ मध्ये 'सायन्स'मध्ये छापला. त्यांनी वयाच्या २१ ते २६ वर्षांदरम्यान घडलेल्या १४ प्रकारच्या घटना मोजल्या: नोकरी, पैसा, घर, आजारपण, नातेसंबंध. जनुकाच्या दोन प्रतींपैकी किमान एक आखूड असलेल्या आणि चार किंवा अधिक आघात सोसलेल्या तरुणांत ३३ टक्क्यांना नैराश्य आलं होतं. तितकेच आघात सोसलेल्या, पण दोन्ही प्रती लांब असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं.

हे १७ टक्के म्हणजे किती माणसं? दोन्ही प्रती लांब असलेले एकूण २६५ जण होते. चार किंवा अधिक आघात सोसलेल्यांचं प्रमाण सगळ्या गटात १५ टक्के होतं. म्हणजे या कप्प्यात साधारण ४० जण आले, आणि त्यांच्यातले नैराश्यग्रस्त सुमारे ७. आणखी तिघांना त्या वर्षी नैराश्य आलं असतं तर १७ चे २५ टक्के झाले असते आणि दोन गटांतला फरक निम्म्यावर आला असता. निष्कर्ष या एकाच कप्प्यावर उभा नव्हता, रिग्रेशनमध्ये, म्हणजे सगळी माहिती एकत्र बसवणाऱ्या समीकरणात, सगळे ८४७ होते, हे मी मान्य करतो. पण आंतरक्रियेची, म्हणजे एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर अवलंबून असण्याची, बहुतेक माहिती अशा टोकाच्या कप्प्यांतूनच येते, आणि ते कप्पे नेहमी सर्वांत रिकामे असतात. म्हणूनच संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात: मूळ परिणामाइतक्याच मोठ्या आंतरक्रियेचा शोध घ्यायचा तर नमुना किमान चौपट लागतो. आंतरक्रिया त्याहून लहान असेल, आणि वैद्यकात ती बहुधा लहानच असते, तर हा आकडा झपाट्याने वाढत जातो. ८४७ हा नमुना पहिली चाहूल घेण्यापुरता होता. चाहूल म्हणून तो निबंध उत्तम होता. पुढच्या काही वर्षांत त्या चाहुलीचा सिद्धांत झाला.

तो कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. नंतरचे अभ्यास डोळ्यांखालून घातले तर 'पुष्टी मिळाली' या दोन शब्दांखाली किती वेगवेगळ्या गोष्टी आल्या ते कळतं. कोणी एक आखूड प्रत पुरेशी धरली, कोणाला दोन्ही आखूड लागल्या. कोणाला परिणाम फक्त मुलींत दिसला. आघात म्हणून कोणी बालपणीचा छळ घेतला, कोणी गंभीर आजारपण, कोणी वादळात सापडणं. नैराश्य कुठे निदान म्हणून मोजलं, कुठे प्रश्नावलीतले गुण म्हणून. जनुकाची तीन रूपं, आघाताच्या चार व्याख्या, नैराश्याच्या दोन, आणि स्त्रिया, पुरुष किंवा दोघं मिळून असे तीन गट घेतले, तरी एकाच माहितीतून ७२ वेगवेगळी विश्लेषणं निघतात. ती स्वतंत्र नसतात, पण त्यांतल्या एखाद्याचं तरी पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली जाणं मुळीच अवघड नाही. आणि छापलं जातं तेच.

लॅरामी डंकन आणि मॅथ्यू केलर यांनी २०११ मध्ये मानसोपचारातल्या अशा अभ्यासांच्या पहिल्या दशकाचा हिशेब मांडला. २००० ते २००९ या काळातले १०३ अभ्यास त्यांनी तपासले. एखादी आंतरक्रिया प्रथमच मांडणाऱ्या अभ्यासांपैकी ९६ टक्के यशस्वी होते. तीच आंतरक्रिया पुन्हा तपासायला गेलेल्यांपैकी फक्त २७ टक्क्यांना ती सापडली. निसर्ग संशोधकाच्या पहिल्याच प्रश्नाला ९६ टक्के वेळा होकार देईल, यावर कोणाचा विश्वास बसेल? त्याच निबंधातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. पुनर्तपासणीत यशस्वी ठरलेल्या अभ्यासांचा मध्यक नमुना १५४ माणसांचा होता, अयशस्वी ठरलेल्यांचा ३७७ चा. परिणाम खरा असता तर मोठ्या नमुन्यांत तो अधिक ठळक दिसायला हवा होता. इथे नेमकं उलट घडलेलं होतं.

आता बचावाकडे. पहिला बचाव असा: २००९ मध्ये नील रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या १४,२५० जणांची माहिती एकत्र करून आंतरक्रिया नाही असं म्हटलं खरं, पण २०११ मध्ये ५४ अभ्यास एकत्र केल्यावर ती भक्कमपणे दिसली, मग जुन्याच निष्कर्षाला का चिकटायचं? यातली माहिती बरोबर आहे. २०११ च्या त्या विश्लेषणात पी-मूल्य ०.००००२ होतं. पण त्या मेटा-अॅनालिसिसमध्ये माणसांची माहिती एकत्र केली नव्हती, प्रत्येक अभ्यासाने छापलेली पी-मूल्यं एकत्र केली होती. परिणाम किती मोठा, या प्रश्नाचं उत्तर त्या पद्धतीत मिळत नाही. आणि ज्या पी-मूल्यांची बेरीज करायची ती प्रत्येकाने ७२ वाटांपैकी आपल्या पसंतीच्या वाटेने आणलेली असतील, तर बेरजेत खरा परिणाम आणि निवडीची हौस यांचा एकत्र ऐवज येतो. दोन्ही वेगळे करायला तिथे काही साधन नाही. त्या लेखकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे, ती बचाव करणारे सहसा सांगत नाहीत: रिश यांनी घेतले होते तेवढेच अभ्यास घेतले, तर त्यांच्याही पद्धतीने आंतरक्रिया सिद्ध होत नव्हती. फरक पडला तो कोणते अभ्यास आत घ्यायचे यामुळे.

या वादाचा निकाल लावायचा योग्य मार्ग रॉबर्ट कल्व्हरहाउस आणि अनेक देशांतल्या गटांनी पत्करला. आघात कसा मोजायचा, नैराश्य कशाला म्हणायचं, कोणतं समीकरण वापरायचं, हे सगळं त्यांनी निकाल पाहण्याआधी ठरवलं आणि २०१३ मध्ये छापून टाकलं. मग प्रत्येक गटाने आपल्या माहितीवर तेच विश्लेषण चालवलं. अशा ३१ संचांतल्या, युरोपीय वंशाच्या ३८,८०२ जणांच्या माहितीत त्यांना कसलीही भक्कम आंतरक्रिया आढळली नाही. आंतरक्रिया असलीच, तर ती सर्वांना लागू पडणारी नाही आणि विशिष्ट परिस्थितीतला क्षीण परिणाम एवढीच तिची ताकद, असा त्यांचा निष्कर्ष. वाटा आधीच बंद केल्यावर परिणामही नाहीसा झाला, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

दुसरा बचाव जास्त वजनदार आहे. रुडॉल्फ युहर आणि पीटर मॅकगफिन यांनी तो मांडला, कॅस्पी यांच्या गटानेही २०१० मध्ये मांडला: मोठ्या नमुन्यांत माणसं भरपूर असतात, पण त्यांच्या आयुष्याची मोजणी ओबडधोबड असते. टपालाने आलेल्या यादीवर खूण केली की झाली 'घटना'. जिथे संशोधकाने समोर बसून मुलाखत घेतली किंवा नोंदींवरून छळाची खातरजमा केली, तिथे आंतरक्रिया दिसते. यादीवर खूण करून घेतली तिथे दिसत नाही.

परिस्थितीच्या मोजणीबद्दलची ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे, आणि ती मी त्यांच्याहून जोरात करायला तयार आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७० च्या दशकात लंडनमधल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून जी पद्धत घडवली, तिच्यात 'नोकरी गेली' एवढ्यावर भागत नसे. घरात दुसरा कमावता आहे का, भाडं किती महिन्यांचं थकलंय, आधार कोणाचा, हे सगळं विचारून ते टिपण ज्यांना त्या बाईला नैराश्य आहे की नाही हे ठाऊक नाही अशा लोकांपुढे ठेवत, आणि आघात किती गंभीर हे ते ठरवत. याउलट, मोठेपणी आठवून सांगितलेला बालपणीचा छळ आणि बालपणीच नोंदला गेलेला छळ यांचा मेळ किती कमी बसतो, हे २०१९ मध्ये जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. ज्यांच्या छळाची नोंद होती त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी पुढे तो सांगितला नाही, आणि ज्यांनी सांगितला त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची नोंद नव्हती. शिवाय खचलेला माणूस भूतकाळाकडे पाहतो तेव्हा त्याला जखमा अधिक दिसतात. म्हणजे कारण म्हणून मोजलेल्या गोष्टीत परिणामच मिसळलेला असतो.

पण या खऱ्या तक्रारीतून त्या जनुकाचा बचाव निघत नाही. मोजणीतली यादृच्छिक चूक परिणामाची धार कमी करते, आणि कमी झालेली धार नमुना वाढवून भरून काढता येते. मोठ्या नमुन्याचा उपयोग तोच. समोरासमोर मुलाखती महाग असतात, म्हणून असे अभ्यास लहान असतात, आणि लहान अभ्यासांत यश अधिक छापलं जातं हे वरच्या १५४ आणि ३७७ या आकड्यांनी दाखवलेलंच आहे. 'चांगली मोजणी' आणि 'लहान नमुना' या दोन गोष्टी या क्षेत्रात इतक्या जोडून आल्या आहेत की यश कोणामुळे मिळालं हे नुसत्या यादीवरून सांगता येत नाही. युहर-मॅकगफिन यांनी मांडलेलं चित्र दोन्हींशी तितकंच जुळतं. मूळ डनिडिन निबंधातही ब्राउन-हॅरिस पद्धतीची मुलाखत नव्हती. २६ व्या वर्षी मागच्या पाच वर्षांचा आढावा घेऊन घटना मोजल्या होत्या. ती मोजणी ८४७ जणांत परिणाम दाखवायला पुरेशी असेल, तर त्याच दर्जाची मोजणी ३८,८०२ जणांत अचानक अपुरी कशी ठरते?

मग २०१९ चा निबंध. रिचर्ड बॉर्डर, केलर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यासाठी सर्वाधिक अभ्यासलेली १८ जनुकं निवडली आणि ६२,१३८ पासून ४,४३,२६४ पर्यंतच्या नमुन्यांत तपासली. थेट परिणामही पाहिले आणि आघातांबरोबरची आंतरक्रियाही. यांतल्या एकाही जनुकाच्या बाजूने स्पष्ट पुरावा मिळाला नाही, आणि ही १८ जनुकं मिळून इतर जनुकांच्या तुलनेत नैराश्याशी अधिक जोडलेली निघाली नाहीत. नैराश्याच्या मोजणीतल्या चुकीने हा निकाल समजावता येत नाही हेही त्यांनी दाखवलं. यावर उत्तर येतं की आमचा दावा थेट परिणामाचा नव्हताच, फक्त आघात झालेल्यांबाबतचा होता. पण आघात ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आखूड रूपामुळे आघातग्रस्तांत धोका दुपटीच्या आसपास जात असेल आणि इतरांत काहीच होत नसेल, तर सगळी लोकसंख्या एकत्र घेतल्यावरही सरासरीत त्याची खूण उमटायला हवी, आणि इतक्या मोठ्या नमुन्यांत ती नजरेतून सुटणं कठीण आहे. सुटायची एकच वाट उरते: ज्यांच्यावर आघात नाही त्यांचं आखूड रूपाने बरोबर तितकंच रक्षण करावं, म्हणजे वजाबाकी शून्य येईल. हे अशक्य नाही. पण ज्याला हे म्हणायचं आहे त्याने ते आधी म्हणावं, आकड्यासह, आणि मग तपासावं.

तिसरा बचाव दवाखान्यातून येतो आणि माझ्या मते सगळ्यांत खोल गैरसमज इथे आहे. मानसोपचार शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना संख्याशास्त्र शिकवताना हा प्रश्न न चुकता येतो: सर, वडील गेले दोन्ही भावांचे, कर्ज दोघांच्या डोक्यावर, एक उभा राहिला आणि एक कोसळला. ही आंतरक्रिया नाही तर काय?

ही आंतरक्रिया असेलच असं नाही. नैराश्याकडे झुकण्याची एक कल-मापणी कल्पा, जिच्यात माणसाचं आनुवंशिक ओझं आणि परिस्थितीचं ओझं यांची नुसती बेरीज होते. गुणाकार नाही, एकाने दुसऱ्याला तीव्र करणं नाही, सरळ बेरीज. बेरीज एका उंबरठ्यापलीकडे गेली की आपण त्याला नैराश्य म्हणतो. धाकट्याचं आनुवंशिक ओझं थोडं जास्त आहे. वडील गेल्याचं ओझं दोघांवर सारखंच पडलं. धाकटा उंबरठा ओलांडतो, थोरला अलीकडे थांबतो. दोघांवर आघाताचा परिणाम अगदी समान होता, तरी निदान एकालाच झालं. म्हणजे डॉक्टरांनी जे पाहिलं ते खरं आहे, पण त्यावरून जनुकाने आघात तीव्र केला की दोन ओझी नुसती एकावर एक पडली, हे ठरवता येत नाही. लिंडन ईव्हज यांनी २००६ मध्ये हेच संगणकावर करून दाखवलं. कसलीही आंतरक्रिया नसलेली माहिती त्यांनी तयार केली, उंबरठा लावून तिचे 'रुग्ण' आणि 'निरोगी' असे दोन भाग केले, आणि प्रचलित पद्धतीने विश्लेषण केलं. आंतरक्रिया भरघोस सापडल्या.

खऱ्या माणसांच्या आकड्यांत हे बघायचं असेल तर केनेथ केंडलर यांचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या जुळ्या स्त्रियांवरचा १९९५ चा निबंध उघडावा. त्यात एखादं जनुक निवडलेलं नव्हतं; जुळ्या बहिणीला नैराश्य आलं होतं का, आणि ती एकाच फलित बीजांडातून जन्मलेली जुळी होती का, यावरून एकूण आनुवंशिक धोका ठरवला होता. सर्वांत कमी धोक्याच्या स्त्रियांत गंभीर आघात नसताना एका महिन्यात नैराश्य सुरू होण्याची शक्यता ०.५ टक्के होती, आघात झाल्यावर ६.२ टक्के. सर्वांत जास्त धोक्याच्या स्त्रियांत हेच आकडे १.१ आणि १४.६ टक्के. आता वजाबाकी करा: आघातामुळे पहिल्या गटात ५.७ ची भर पडली, दुसऱ्यात १३.५ ची. आंतरक्रिया ढळढळीत आहे. आता भागाकार करा: पहिल्या गटात धोका १२.४ पट झाला, दुसऱ्यात १३.३ पट. आंतरक्रिया जवळजवळ नाहीच. माणसं तीच, आघात तेच, आकडे तेच. उत्तर बदललं, कारण मोजपट्टी बदलली.

म्हणून 'नैराश्यात जनुक आणि परिस्थिती यांची आंतरक्रिया आहे का' हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या मोजपट्टीवर, हे सांगितल्याशिवाय त्याला होकार किंवा नकार देता येत नाही. आणि मोजपट्टी कामावरून ठरायला हवी. आधाराची व्यवस्था कोणाकडे आधी पोचवायची, हे ठरवणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला वजाबाकी लागते, कारण शंभर आघातग्रस्त बायकांना मदत दिली तर किती जणी वाचतील हे तिच्यातून कळतं. रोगाचं कारण शोधणाऱ्याला भागाकार किंवा उंबरठ्याची कल-मापणी सोयीची. पण लॉजिस्टिक रिग्रेशन संगणकात आयतं आहे म्हणून ते वापरायचं, त्यातल्या गुणाकाराच्या पदाचं पी-मूल्य ०.०५ खाली गेलं की 'हे जनुक माणसाला परिस्थितीबाबत हळवं बनवतं' असं लिहायचं, हा उडीचा प्रकार आहे. समीकरणातलं पद मेंदूतल्या यंत्रणेबद्दल काहीच सांगत नाही.

याच ठिकाणी आणखी एक तांत्रिक चूक सर्रास होते. वय, लिंग, वंश यांचा हिशेब घेतला असं निबंधात लिहिलेलं असतं, पण तो फक्त थेट परिणामापुरता घेतलेला असतो. जनुक गुणिले लिंग आणि आघात गुणिले लिंग ही पदं समीकरणात नसतात. स्त्रियांमध्ये आघाताचा परिणाम वेगळा असेल, तर तो फरक जनुकाच्या खात्यावर जमा होऊ शकतो. केलर यांनी २०१४ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि बहुतेक निबंधांत ही दुरुस्ती नसल्याचं दाखवलं. दोन ओळींची दुरुस्ती आहे. न करण्याला सबब नाही.

एक म्हणणं असंही ऐकू येतं की गोष्ट चूक असली तरी तिने रुग्णांवरचा दोष हलका केला, मग एवढं कशाला ताणायचं? मला हे पटत नाही. 'तुझ्यात दोष नाही, तुझं जनुक आखूड आहे' हे वाक्य ऐकणारी बाई पुढच्या आघाताची वाट बघत जगते. तिच्या मुलीची सोयरीक ठरवताना हे वाक्य कोणाच्या तोंडी कसं फिरेल याचाही विचार व्हायला हवा. जे खरं नाही त्यातून मिळणारा दिलासा द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

याचा अर्थ जनुकांचा नैराश्याशी संबंध नाही असा कोणी काढला, तर तोही तितकाच चुकला. पॅट्रिक सलिव्हन, मायकेल नील आणि केंडलर यांनी २००० मध्ये जुळ्यांचे अभ्यास एकत्र करून नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के काढली, आणि २०१९ मध्ये आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून १०२ जनुकीय स्थानं सापडली. प्रत्येकाचा वाटा अतिशय लहान. अशा असंख्य लहान वाट्यांची बेरीज करून एक आनुवंशिक गुणांक काढतात आणि तो बालपणीच्या छळाबरोबर तपासतात. तिथे काय झालं? २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये वाउटर पेरोट यांच्या गटाला एका दिशेची आंतरक्रिया दिसली, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये निव्ह मलिन्स यांच्या गटाला विरुद्ध दिशेची, आणि २०१८ मध्ये पेरोट यांनीच ५,७६५ जणांची माहिती एकत्र केली तेव्हा काहीच उरलं नाही. साधनं नवी आली, नमुने तसेच लहान राहिले.

शिवाय इथे एक जुना अडथळा आहे, ज्याकडे दोन्ही बाजू कानाडोळा करतात. आघात सगळे बाहेरून कोसळत नाहीत. नैराश्याचा आनुवंशिक धोका जास्त असलेल्यांच्या आयुष्यात नातं तुटणं, नोकरी जाणं, पैशाची गंभीर अडचण येणं यांसारख्या घटना अधिक असतात, असं केंडलर आणि कारकोव्स्की-शुमन यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं. मग समीकरणातल्या 'परिस्थिती'च्या रकान्यात जनुकं आधीच शिरलेली असतात. यातून बाहेर पडायची वाट म्हणजे असा आघात शोधणं, जो जनुकं बघून येत नाही.

असा एक अभ्यास सृजन सेन यांनी अमेरिकेत इंटर्नशिप करणाऱ्या डॉक्टरांवर उभा केला. इंटर्नशिप सुरू होण्याआधी एकदा, मग वर्षभर ठरावीक अंतराने तीच प्रश्नावली. २०१० च्या त्यांच्या निबंधात सुरुवातीला ३.९ टक्के जण नैराश्याच्या निकषात बसत होते, वर्षभरात सरासरी २५.७ टक्के. ताण सगळ्यांवर एकाच तारखेपासून, आणि मोजणी आधी सुरू झालेली, त्यामुळे आठवणीचा घोळ नाही. हेच सेन २०११ च्या त्या मेटा-अॅनालिसिसचे एक लेखक होते. पुढे २०२० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की आनुवंशिक गुणांकाचा नैराश्याशी संबंध ताणाच्या काळात आधीपेक्षा जास्त ठळक होतो. रचना चांगली आहे म्हणून मला हा निकाल गांभीर्याने घ्यावासा वाटतो. तरी माझा प्रश्न इथेही तोच: ३.९ टक्के आणि २५.७ टक्के यांची तुलना वजाबाकीने केली, भागाकाराने केली की कल-मापणीवर केली? तळाशी जागाच कमी असेल तर संबंध आधी फिका दिसणारच.

दुसरी रचना आपल्या घराजवळची आहे आणि तिचा हा उपयोग कोणी फारसा बोलून दाखवत नाही. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ मध्ये छापला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. हलाखी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं होती, आणि बाळ मुलगी असणं हेही एक. इतकंच नव्हे, तर नवऱ्याची मारहाण आणि घरातली उपासमार यांचा परिणाम बाळ मुलगा की मुलगी यावर बदलत होता. त्या अभ्यासात जनुकं नव्हती. पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक दुर्मीळ गोष्ट होती. बाळाचं लिंग आईच्या नैराश्याच्या जनुकांकडे पाहून ठरत नाही. जिथे मुलगी होणं हा आघात समजला जातो, तिथे तो आघात जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटला जातो. गर्भलिंगनिदानाने हा यादृच्छिकपणा बिघडतो, आणि आधी किती मुली आहेत हेही हिशेबात धरावं लागतं, पण पहिल्या बाळंतपणापुरता तो बऱ्याच अंशी शाबूत राहतो.

माझं मत बदलेल असा अभ्यास मी इथे बसून वर्णू शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या सरकारी प्रसूतिगृहांतल्या पहिलटकरणी, गरोदरपणीच मोजलेलं नैराश्य आणि घरची परिस्थिती, तीही तिथली बोली जाणणाऱ्या मुलाखतकाराने विचारलेली. आनुवंशिक गुणांक भारतीय नमुन्यांवर घडवलेला, कारण युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांत कमी अचूक ठरतात. नमुना हजारांत नव्हे, दहा हजारांच्या पटीत. मोजपट्टी वजाबाकीची, कारण निकाल वापरायचा आहे तो आशाताई आणि परिचारिकेने. भागाकाराचे आकडे शेजारी छापलेले. कोणती आंतरक्रिया, कोणत्या दिशेने, किमान किती मोठी अपेक्षित आहे, हे पहिल्या बाईची संमती घेण्याआधी नोंदवलेलं. त्यात जनुक आणि आघात यांची आंतरक्रिया दिसली आणि दुसऱ्या राज्यात तशाच रचनेत पुन्हा दिसली, तर मी ती मान्य करीन. तोवर आखूड-लांब जनुकाचा परिच्छेद अभ्यासक्रमांतून आणि चाचण्यांच्या अहवालांतून काढावा, आणि तशी चाचणी घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी सांगावं की या पानावर नैराश्याबद्दल तुम्हाला उपयोगी पडेल असं काही नाही, आता गेल्या वर्षभरात घरी काय काय घडलं ते बोलू.